वाचकांचे प्रश्न : एपीआयवरून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क

जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून, तर आउटलुकने मे २०२५ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या डोमेनना तीन रेकॉर्ड सक्तीचे केले. जीमेल आणि आउटलुक 'मोठी संख्या' म्हणजे दिवसाला सुमारे पाच हजार मेल धरतात. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही जीमेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतले निदान एक लागतेच. एसपीएफ ही आपल्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही तपासण्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी जगाला सांगणाऱ्या व्यवस्थेत, ठेवलेली सार्वजनिक की. या दोन्हींपैकी एकही प्रेषकाच्या डोमेनशी जुळले नाही तर त्या मेलचे काय करायचे, हे डीमार्क सांगते. हे रेकॉर्ड एपीआयने (पॅनेलमध्ये न जाता स्क्रिप्टने सेवेला थेट विनंती पाठवण्याची सोय) लिहिताना येणाऱ्या अडचणींबद्दलचे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

रेकॉर्डचा मजकूर इथे देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष भरताना तो रोमन लिपीत भरायचा. 'एसपीएफ१' लहान अक्षरांत, 'डीकेआयएम१' आणि 'डीमार्क१' मोठ्या अक्षरांत.

प्रश्न : आम्ही वेबसाइट बनवून देतो. चाळीसेक ग्राहकांची डोमेन आमच्याकडे आहेत. प्रत्येकाच्या पॅनेलमध्ये शिरून हाताने रेकॉर्ड टाकण्यापेक्षा स्क्रिप्ट लिहावी म्हणतो. सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

उत्तर : स्क्रिप्टची पहिली ओळ लिहायच्या आधी चाळीसही डोमेनचे एनएस रेकॉर्ड (डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणारे) बघून यादी करा. डोमेन जिथे विकत घेतले तिथेच त्याचे डीएनएस असेल असे नाही. रजिस्ट्रार एक, होस्टिंग दुसरीकडे आणि नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे, ही मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. अशा वेळी रजिस्ट्रारच्या एपीआयने रेकॉर्ड लिहिला तर तो त्यांच्या पॅनेलमध्ये दिसतो, एपीआयही काम झाल्याचे कळवतो, पण बाहेर कोणालाच तो दिसत नाही. सीपॅनेलमधल्या 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'चे बटण दाबूनही हेच होते : नेमसर्व्हर त्या होस्टिंगचे नसतील तर ते बटण भलत्याच झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या संचात) लिहिते.

यादी झाली की टोकन, म्हणजे एपीआय वापरण्याचा परवाना. क्लाउडफ्लेअरवर 'ग्लोबल की' वापरू नका. 'झोन – डीएनएस – एडिट' एवढाच अधिकार असलेले आणि ठरावीक झोनपुरते मर्यादित टोकन काढा, शक्यतो प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेवर आयएएम पॉलिसीत (अधिकारांच्या नियमांत) होस्टेड झोन तर नेमता येतोच, शिवाय कुठल्या प्रकारचे रेकॉर्ड बदलता येतील याचीही अट घालता येते. टीएक्सटी (मजकुराचा रेकॉर्ड) आणि सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारा) एवढ्यांनाच परवानगी दिली तर स्क्रिप्टमधल्या चुकीने ग्राहकाची वेबसाइट किंवा येणारे मेल बंद पडण्याचा धोका बराच कमी होतो. पुढे सांगितलेला एमएक्स (येणारे मेल कुठल्या सर्व्हरकडे जावेत ते सांगणारा रेकॉर्ड) एकदाच लागतो, तो हाताने टाका.

मग सध्याच्या झोनची प्रत काढून ठेवा. क्लाउडफ्लेअरचा एपीआय अख्खा झोन बाइंड फाइलच्या रूपात उतरवून देतो. रूट ५३ वर रेकॉर्डची यादी मागवून जेसन फाइल जपून ठेवा. ही प्रत नसेल तर पुढचे काहीही करू नका.

यानंतर लक्षात घ्यायचे ते असे की एपीआय दोन आहेत. एक मेल पाठवणाऱ्या सेवेचा, जो 'हे रेकॉर्ड टाका' असे सांगतो. दुसरा डीएनएसचा, जिथे ते लिहायचे. ॲमेझॉन एसईएस आणि क्लाउडफ्लेअर ही जोडी धरून क्रम सांगतो. एसईएसच्या दुसऱ्या आवृत्तीच्या एपीआयला 'क्रिएट ईमेल आयडेंटिटी' ही विनंती डोमेनचे नाव देऊन पाठवा. उत्तरात तीन टोकन येतात (हे परवाने नव्हेत, नावात घालायच्या अक्षरमाळा). प्रत्येकासाठी 'टोकन._डोमेनकी.तुमचेडोमेन' या नावाचा सीनेम करायचा आणि त्याचे लक्ष्य 'टोकन.डीकेआयएम.ॲमेझॉनएसईएस.कॉम' ठेवायचे. तीनही हवेत, कारण की आलटून पालटून बदलण्याचे काम एसईएस त्यांच्या आधारे स्वतः करते. क्लाउडफ्लेअरला पाठवताना 'प्रॉक्सीड' हे मूल्य 'फॉल्स' असलेच पाहिजे. वेबसाइटच्या रेकॉर्डची स्क्रिप्ट उचलून इथे वापरली की हे 'ट्रू' राहून जाते आणि मग सीनेमच्या जागी क्लाउडफ्लेअरचे आयपी पत्ते दिसू लागतात, की सापडतच नाही.

रेकॉर्ड लिहून झाले की 'गेट ईमेल आयडेंटिटी' ही विनंती दर काही मिनिटांनी करून डीकेआयएमची स्थिती 'सक्सेस' होईपर्यंत थांबा. बहुतेकदा अर्ध्या तासात होते, एसईएस बहात्तर तासांपर्यंतची मुदत देते. ओळख प्रदेशागणिक वेगळी असते हेही विसरू नका : मुंबई प्रदेशात पडताळलेले डोमेन सिंगापूरमधून पाठवायला चालत नाही, तिथले तीन टोकन वेगळे निघतात.

एसपीएफ जुळावे म्हणून 'मेल.तुमचेडोमेन' असे उपडोमेन 'मेल फ्रॉम' (न पोचलेले मेल परत येण्याचा पत्ता) म्हणून नेमा. त्यावर दोन रेकॉर्ड लागतात : प्राधान्य १० चा एमएक्स, ज्याचे लक्ष्य मुंबईसाठी 'फीडबॅक-एसएमटीपी.एपी-साउथ-१.ॲमेझॉनएसईएस.कॉम', आणि टीएक्सटी 'व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:ॲमेझॉनएसईएस.कॉम ~ऑल'. या उपडोमेनवर दुसरे काही मेलकाम ठेवू नका.

डीमार्क शेवटी, तेही 'पी=नन' ने, म्हणजे मेल अडवू नका, फक्त अहवाल पाठवा. ग्राहकाच्या नावाने मेल कोण कोण पाठवते हे ग्राहकाला स्वतःलाही पूर्ण माहीत नसते. वेबसाइटचा फॉर्म, बिलिंगचे सॉफ्टवेअर, पगारपत्रके पाठवणारी सेवा, दोन वर्षांपूर्वी सुरू केलेले आणि विसरलेले ईमेल वार्तापत्र. हे सगळे अहवालांतूनच कळते.

प्रश्न : रूट ५३ वर एपीआयने एसपीएफ टाकले. त्याच दिवशी गूगल सर्च कन्सोलने 'मालकी सिद्ध होत नाही' असे कळवले. दोन्हींचा काय संबंध? (पुणे)

उत्तर : थेट संबंध आहे. रूट ५३ मध्ये एकाच नावाचे आणि एकाच प्रकारचे सगळे रेकॉर्ड मिळून एक संच असतो. तुमच्या मूळ डोमेनवर गूगलच्या पडताळणीचा टीएक्सटी आधीपासून होता. तुम्ही 'अपसर्ट' करताना फक्त एसपीएफची ओळ पाठवली, आणि अपसर्ट म्हणजे संचात भर घालणे नव्हे, अख्खा संच नव्याने लिहिणे. जुनी ओळ त्यात गेली. जुनी प्रत असेल तर तीच ओळ परत टाका, नसेल तर सर्च कन्सोलमधून पुन्हा मिळेल.

प्रत्येक एपीआयचा स्वभाव इथे वेगळा आहे, आणि नवी सेवा वापरण्याआधी सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच. क्लाउडफ्लेअर प्रत्येक रेकॉर्ड सुटा धरतो, प्रत्येकाला स्वतःचा आयडी असतो. तिथे 'पोस्ट' केले की नवा रेकॉर्ड जमा होतो, जुन्याला धक्का लागत नाही. गोडॅडीच्या एपीआयमध्ये प्रकार आणि नाव देऊन 'पुट' केले तर त्या नावाचे त्या प्रकारचे सगळे बदलले जातात, रूट ५३ सारखेच.

क्लाउडफ्लेअरची पद्धत सुरक्षित वाटते खरी, पण तिथली चूक उलट्या बाजूची असते. स्क्रिप्ट दोनदा चालली, दुसऱ्या वेळी मजकुरात एखादे इन्क्लूड (दुसऱ्या सेवेची सर्व्हर-यादी जोडणारा भाग) वाढलेले होते, आणि आता डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड उभे राहिले. 'व्ही=एसपीएफ१' ने सुरू होणारे दोन टीएक्सटी एका नावावर असले की तपासणारा सर्व्हर कुठला खरा हे ठरवत बसत नाही, सरळ 'पर्मएरर' (कायमची चूक) देतो. एसपीएफ मुळीच नसल्यात जमा.

म्हणून दोन्हीकडे क्रम एकच ठेवा. आधी त्या नावाचे सगळे टीएक्सटी वाचून घ्या. 'व्ही=एसपीएफ१' ने सुरू होणारी ओळ शोधा. सापडली तर तीच बदला : क्लाउडफ्लेअरवर तिच्या आयडीवर 'पॅच', रूट ५३ वर बाकीच्या ओळी जशाच्या तशा ठेवून पूर्ण संच परत. एकाहून अधिक सापडल्या तर स्क्रिप्टने स्वतः निर्णय घेऊ नये, थांबून माणसाला विचारावे. कुठले इन्क्लूड जिवंत आहे आणि कुठले मेलेले, हे यंत्राला कळत नाही.

प्रश्न : डीकेआयएमची २०४८ बिटची की एपीआयने टाकली. रेकॉर्ड दिसतो, पण प्रत्येक मेलवर डीकेआयएम नापास. जुनी १०२४ ची की याच स्क्रिप्टने व्यवस्थित चालत होती. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : गणित मांडून बघितले की कारण सापडते. टीएक्सटी रेकॉर्डमधली एक सलग ओळ जास्तीत जास्त २५५ अक्षरांची असते. १०२४ बिटची सार्वजनिक की बेस६४ मध्ये २१६ अक्षरांची होते. पुढचा 'व्ही=डीकेआयएम१; के=आरएसए; पी=' हा भाग १८ अक्षरांचा. एकूण २३४, म्हणजे एका ओळीत मावते. २०४८ बिटची की ३९२ अक्षरांची, एकूण ४१०. ती २५५ आणि १५५ अशा दोन तुकड्यांत द्यावी लागते. तपासणारा सर्व्हर तुकडे मध्ये काहीही न घालता जोडून घेतो.

रूट ५३ ला हे तुकडे तुम्हालाच करून द्यावे लागतात : प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात आणि दोन अवतरणांच्या मध्ये एक मोकळी जागा. जेसनमध्ये ही अवतरणे उलट्या तिरप्या रेघेने सुटी करायची. क्लाउडफ्लेअर लांब मजकूर आपोआप तोडतो. काही छोट्या सेवांचे एपीआय मात्र २५५ च्या पुढचा मजकूर गुपचूप कापून टाकतात आणि तरी यश कळवतात. तुमच्या बाबतीत तसेच झाले असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

डिग कमांडने (डीएनएसला प्रश्न विचारणारी) रेकॉर्ड मागवा आणि पी च्या पुढची अक्षरे मोजा. २०४८ ची आरएसए की नेहमी 'एमआयआयबीआयजे' ने सुरू होते आणि 'एक्यूएबी' ने संपते. शेवट तसा नसेल तर की कापली गेली आहे. शेवट बरोबर असून तरी नापास होत असेल तर मधल्या भागात जागा, ओळ तोडण्याचे चिन्ह किंवा 'बिगिन पब्लिक की' ही शीर्षकाची ओळ शिरली आहे का ते बघा. पेम फाइल (की ठेवलेली मजकुराची फाइल) वाचून तशीच जेसनमध्ये भरली की ओळ तोडण्याचे चिन्ह 'उलटी रेघ आणि एन' बनून किल्लीतच चिकटते. अवतरणेही कधी दुप्पट होतात आणि रेकॉर्डच अवतरणाच्या चिन्हाने सुरू होतो.

खात्रीचा उपाय एकच. सही करणाऱ्या सर्व्हरवरच्या खासगी की मधून ओपनएसएसएलने सार्वजनिक की काढा, शीर्षकाच्या ओळी आणि ओळींचे तोड काढून टाका, आणि डीएनएसमधून आलेल्या पी च्या मजकुराशी अक्षर न अक्षर ताडून बघा. हे तीन ओळींचे काम स्क्रिप्टच्या शेवटी कायमचे जोडून टाका.

नावाचीही चूक होते. काही एपीआयना नाव पूर्ण लागते, काहींना डोमेन वगळून फक्त 'सिलेक्टर._डोमेनकी' एवढेच (सिलेक्टर म्हणजे त्या कीला दिलेले नाव). दुसऱ्या प्रकारच्या सेवेला पूर्ण नाव दिले तर डोमेन दोनदा लागलेला रेकॉर्ड तयार होतो. तुमचा रेकॉर्ड दिसतो आहे म्हणता, तेव्हा ही चूक तुमच्याकडे नाही.

प्रश्न : मेलच्या हेडरमध्ये एसपीएफ पास आहे, डीकेआयएमही पास आहे, तरी डीमार्क फेल. हे कसे शक्य आहे? (ठाणे)

उत्तर : दोन्ही पास झाले, पण दुसऱ्याच डोमेनच्या नावाने. डीमार्कला पास पुरत नाही. पास झालेले डोमेन आणि वाचणाऱ्याला 'फ्रॉम' मध्ये दिसणारे डोमेन जुळावे लागते.

जीमेलमध्ये मेल उघडून 'शो ओरिजिनल' करा आणि 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' ही ओळ शोधा. त्यात एसपीएफपुढे 'एसएमटीपी.मेलफ्रॉम' असे लिहिलेले असते. तिथे पाठवणाऱ्या सेवेचे डोमेन दिसत असेल तर एसपीएफ त्या सेवेचे पास झाले, तुमचे नाही. डीकेआयएमपुढे 'हेडर.आय' असते. तिथेही सेवेचेच नाव असेल तर सही त्यांच्या कीने झाली आहे. ज्या सेवांमध्ये डोमेन पडताळून न घेता फक्त प्रेषकाचा पत्ता पडताळून मेल सुरू होतात, तिथे हेच चित्र दिसते.

दोन्ही जुळवायची गरज नाही, एक पुरते. आधी डीकेआयएम जुळवा, कारण मेल एका पत्त्यावरून दुसऱ्यावर फॉरवर्ड झाला की एसपीएफ मोडते, सही मात्र मजकुराला हात लागला नाही तर टिकते. नेहमीच्या सैल जुळणीत उपडोमेन चालते : 'मेल.दुकान.को.इन' ची सही 'दुकान.को.इन' ला चालते. रेकॉर्डमध्ये कोणी 'एडीकेआयएम=एस' टाकले असेल तर मात्र नाव तंतोतंत लागते. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यांत हा 'एस' बऱ्याचदा असतो. गरज नसेल तर काढा.

प्रश्न : एसपीएफमध्ये 'टू मेनी डीएनएस लुकअप्स' येते. आमच्या शिक्षणसंस्थेचे सहा इन्क्लूड आहेत, मर्यादा तर दहाची आहे ना? (कोल्हापूर)

उत्तर : मर्यादा दहाचीच आहे, पण इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही त्यात मोजले जातात. 'ए', 'एमएक्स', 'एक्झिस्ट्स', 'रीडायरेक्ट' हेही प्रत्येकी एक. 'आयपी४' आणि 'आयपी६' फुकट. शिवाय ज्या शोधातून काहीच सापडत नाही असे दोनच चालतात. बंद पडलेल्या सेवेचे इन्क्लूड म्हणूनच दुप्पट नडते.

तुमच्या सहांपैकी निम्मे बहुधा बिनकामाचे असतील. एसपीएफ 'रिटर्न-पाथ' (न पोचलेले मेल परत जाण्याचा पत्ता) वरच्या डोमेनवर तपासले जाते. प्रवेशसूचना पाठवणारी सेवा रिटर्न-पाथमध्ये स्वतःचे डोमेन वापरत असेल, तर तिचे इन्क्लूड तुमच्या रेकॉर्डमध्ये कोणी वाचतही नाही. प्रत्येक सेवेचा एकेक मेल मागवून त्याचा रिटर्न-पाथ बघा. तुमचे डोमेन नसेल तर इन्क्लूड काढा आणि त्या सेवेचे डीकेआयएम नीट लावा. एवढ्यानेही भागले नाही तर पालकांना जाणारे मेल एका उपडोमेनवर आणि कर्मचाऱ्यांचे दुसऱ्यावर करा, प्रत्येकाला स्वतःचे दहा मिळतात. सगळे इन्क्लूड फोडून आयपी पत्ते हाताने भरू नका. सेवा पत्ते बदलते, तुम्हाला कळवत नाही, आणि निकालाच्या आठवड्यात मेल अडकतात.

प्रश्न : चाळीस डोमेनच्या डीमार्कमध्ये अहवालाचा पत्ता आमच्या संस्थेचा दिला. एकही अहवाल आला नाही. (नाशिकचाच दुसरा वाचक)

उत्तर : अहवाल घेणारे डोमेन वेगळे असेल तर त्याने तशी संमती डीएनएसमध्ये द्यावी लागते. नाहीतर कोणीही कोणाच्याही पेटीत अहवालांचा मारा करू शकला असता. तुमच्या संस्थेच्या झोनमध्ये 'ग्राहकडोमेन._रिपोर्ट._डीमार्क.संस्थाडोमेन' या नावाचा टीएक्सटी करा, मजकूर फक्त 'व्ही=डीमार्क१'. ग्राहकाच्या नावाच्या जागी तारांकित (*) रेकॉर्डही चालतो, पण मग कोणतेही डोमेन तुमच्याकडे अहवाल पाठवू शकते. चाळीस नावांसाठी चाळीस रेकॉर्ड एपीआयने लिहिणे अवघड नाही, तेच करा. अहवाल दिवसातून एकदा, दाबलेल्या एक्सएमएल फाइलच्या रूपात येतात. माणसाने वाचायचे ते नव्हेत, त्यांच्यासाठी वेगळी पेटी आणि वाचून तक्ता करणारी स्क्रिप्ट लागेल.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेचे डोमेन रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार '.बँक.इन' वर गेले. जुन्या डोमेनचे मेल रेकॉर्ड आता काढून टाकायचे का? (सांगली)

उत्तर : काढून टाकू नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन' वर जायला सांगितले, ते लोकांना खऱ्या बँकेचे नाव ओळखता यावे म्हणून. पण खातेदारांच्या मनात आणि त्यांच्या जुन्या मेलमध्ये जुनेच नाव आहे. त्या नावावरचे एसपीएफ आणि डीमार्क पुसले तर त्या नावाने खोटा मेल पाठवणे पूर्वीपेक्षा सोपे होईल. वापर थांबलेल्या डोमेनला सगळ्यात कडक रेकॉर्ड हवेत, आणि ते लगेच लावता येतात, कारण तिथून खरा मेल जाणारच नाही.

मूळ नावावर टीएक्सटी 'व्ही=एसपीएफ१ -ऑल'. '_डीमार्क' वर 'व्ही=डीमार्क१; पी=रिजेक्ट; एसपी=रिजेक्ट' (न जुळणारा मेल नाकारा; 'एसपी' हे उपडोमेनसाठी) आणि अहवालाचा पत्ता नव्या डोमेनवरचा, वर सांगितलेल्या संमतीच्या रेकॉर्डसह. '*._डोमेनकी' वर 'व्ही=डीकेआयएम१; पी=', म्हणजे रिकामी की. तारांकित रेकॉर्ड आधीपासून असलेल्या नावांना झाकत नाही, म्हणून जुने सिलेक्टर एपीआयने यादी मागवून एकेक करून काढा. एसपीएफ उपडोमेनना आपोआप लागू होत नाही, डीमार्क होते. 'एसपी' नसेल तर उपडोमेनना 'पी' चेच मूल्य लागते, पण ते स्पष्ट लिहिलेले बरे.

एमएक्सचा निर्णय घाईने घेऊ नका. खातेदार अजून जुन्या पत्त्यावर लिहीत असतील तर एमएक्स वर्षभर तरी ठेवा. 'आमचा पत्ता बदलला आहे' हे स्वयंचलित उत्तर मात्र नव्या डोमेनवरून जाऊ द्या, जुन्यावरून गेले तर तुमच्याच रिजेक्टने ते अडेल. जुन्या पत्त्यावर मेल येणे पूर्ण थांबले की प्राधान्य ० आणि लक्ष्य फक्त एक टिंब असा शून्य एमएक्स टाका. आणि डोमेनचे नूतनीकरण चुकवू नका. सुटलेले डोमेन दुसऱ्याने घेतले की हे सगळे रेकॉर्ड त्याच्या हातात जातात.

नव्या डोमेनवर मात्र लगेच रिजेक्ट नको. 'नन' वर निदान महिनाभर अहवाल बघा. ओटीपी, खातेउतारे, कर्जाची स्मरणपत्रे यांचा महिन्याचा फेरा त्यात पूर्ण आला पाहिजे. मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट.

प्रश्न : एपीआय 'सक्सेस' म्हणतो, पण मेल सेवा तासभर 'पेंडिंग' दाखवते. पुन्हा टाकू का? (पणजी)

उत्तर : पुन्हा टाकू नका, कोणाला विचारता ते आधी बदला. तुमच्या डोमेनच्या नेमसर्व्हरचे नाव देऊन थेट त्यालाच डिगने विचारा. तिथे रेकॉर्ड बरोबर असेल तर तुमचे काम झाले आहे. उशीर बहुधा असा होतो : रेकॉर्ड लिहायच्या आधीच मेल सेवेने किंवा तुम्ही तो शोधून पाहिला, 'असे नाव नाही' हे उत्तर मधल्या सर्व्हरने साठवून ठेवले, आणि तो साठा संपेपर्यंत तो तेच सांगत राहतो. किती वेळ, ते झोनच्या एसओए रेकॉर्डवर (झोनची मूळ माहिती ठेवणाऱ्या) ठरते. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी लिहा, नेमसर्व्हरवर खात्री करा, आणि मगच पडताळणीची विनंती करा. रूट ५३ वर लिहिल्यानंतर बदलाची स्थिती 'पेंडिंग' वरून 'इनसिंक' होईपर्यंत थांबायचे असते. क्लाउडफ्लेअरची मर्यादा पाच मिनिटांत बाराशे विनंत्यांची आहे, रूट ५३ ची खात्याला सेकंदाला पाचची. चाळीस डोमेन एकदम सोडली तर दुसरी मर्यादा सहज ओलांडली जाते आणि मधलेच काही रेकॉर्ड लिहायचे राहून जातात. अडलेल्या विनंत्या थोडे थांबून पुन्हा पाठवण्याची सोय ठेवा.

प्रश्न : डीकेआयएमची की बदलायची तर मध्ये खंड पडणार नाही असा क्रम कोणता? (नागपूर)

उत्तर : जुन्या सिलेक्टरला हात लावू नका. नव्या नावाचा सिलेक्टर करा, नावात वर्ष-महिना घातला तर पुढे ओळखायला बरे. नेमसर्व्हरवर खात्री झाली की सही नव्या कीने सुरू करा. जुना सिलेक्टर आठवडाभर राहू द्या, कारण रांगेत अडकलेले मेल काही दिवस उशिराही पोचतात आणि त्यांच्यावर जुनी सही असते. त्यानंतर तो काढा.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सदस्यांसाठी मेलगट आहे. याहूचा पत्ता असलेल्या सदस्यांनी गटावर लिहिले की इतरांना मिळत नाही. मंडळाच्या डोमेनचे तिन्ही रेकॉर्ड बरोबर आहेत. (अमेरिकेतून)

उत्तर : यात तुमच्या डोमेनचे रेकॉर्ड येतच नाहीत. 'फ्रॉम' मध्ये याहू आहे, म्हणून याहूचे डीमार्क तपासले जाते आणि ते २०१४ पासून रिजेक्टवर आहे. गट विषयाच्या आधी मंडळाचे नाव जोडतो, खाली तळटीप घालतो, त्यामुळे याहूची सही मोडते. गटाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रॉम' चा पत्ता बदलून मंडळाचा करण्याची सोय असते, मेलमॅनमध्ये 'डीमार्क मिटिगेशन' या नावाने. ती चालू करा, लिहिणाऱ्याचे नाव आणि 'रिप्लाय-टू' कायम राहते.

प्रश्न : '.भारत' वरचे देवनागरी डोमेन घेतले आहे. एपीआय नाव स्वीकारत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : डीएनएसमध्ये देवनागरी नाव जसेच्या तसे साठवले जात नाही, त्याचे प्युनीकोड रूप साठवले जाते. प्रत्येक देवनागरी भाग 'एक्सएन' आणि दोन जोडरेघांनी सुरू होतो. एपीआयला तेच द्या. '_डीमार्क' आणि '_डोमेनकी' हे भाग मात्र रोमनमध्येच, ते रूपांतरात घालू नका. पायथनमध्ये रूपांतर करायचे तर अंगभूत 'आयडीएनए' एन्कोडिंग वापरू नका, ते २००३ च्या जुन्या नियमांवर चालते. 'आयडीएनए' नावाचे वेगळे पॅकेज २००८ चे नियम पाळते. फरक शून्यरुंदीच्या जोडचिन्हांशी येतो, आणि मराठीत अर्धा र, म्हणजे 'ऱ्य' सारखी अक्षरे लिहिताना ती चिन्हे नकळत मजकुरात येऊ शकतात. त्यामुळे रजिस्ट्रारने नोंदणीच्या वेळी दिलेले प्युनीकोड रूप उचला आणि तेच सगळीकडे चिकटवा. एसपीएफच्या इन्क्लूडमध्येही हेच रूप चालते, देवनागरी नाही.